डेंटिंग-पेंटिंगनंतर पेटलेला इंजिनचा दिवा : बेळगावातल्या दुरुस्तीच्या नोंदी

गाडी आणि नुकसान

२०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४ (धुराच्या नियमांचा चौथा टप्पा). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली आलेली तिन्ही दुखणी कुठल्याही गाडीला होतात.

नोव्हेंबरच्या शेवटी संकेश्वरच्या अलीकडं उसाची ट्रॉली मागं घेताना गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावर बसली. बंपर, डावा हेडलाईट, डावा फेंडर आणि पुढचं सपोर्ट पॅनल बदलावं लागलं. चाकावरचा आतला पत्रा, म्हणजे एप्रन, दबला होता. तो ओढून जागेवर आणला आणि एके ठिकाणी वेल्डिंग केलं. रेडिएटर वाचला. इंजिनला काहीच झालं नव्हतं आणि अपघाताच्या आधी डॅशबोर्डवर एकही दिवा पेटत नव्हता. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण पुढं वाद झाला तो त्यावरच.

११ डिसेंबर

गाडी ताब्यात मिळाली. रंग चांगला जुळलाय, बॉनेटची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे. तिसऱ्या रेल्वे गेटला पोचायच्या आधीच इंजिनचा पिवळा दिवा पेटला.

दिवा स्थिर होता, लुकलुकत नव्हता. दिवा लुकलुकत असेल तर इंजिनचा एखादा सिलिंडर नीट पेटत नाही असं समजायचं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि कन्व्हर्टर वितळतो. तशी गाडी बाजूला घेऊन टो करून न्यावी. स्थिर दिव्यावर, गाडी नेहमीसारखी पळत असेल आणि टेंपरेचर ठीक असेल, तर घरापर्यंत जाता येतं. मी अनगोळला घरी आलो.

गॅरेजला फोन केला. "आम्ही बॉडीचं काम केलंय, इंजिनला हातच लावलेला नाही. शोरूमला दाखवा." पण डावा एप्रन ओढायचा तर एअर फिल्टरचा डबा काढावाच लागतो, आणि डबा काढायचा तर त्याच्या पाईपवरचा सेन्सरचा प्लग सोडवावाच लागतो. हात लागलेलाच असतो, फक्त बिलात तो दिसत नाही.

१२ डिसेंबर

गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथचा स्कॅनर मागवला होता, तो आला. ८५० रुपये. स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ सोळा पिनांचा सॉकेट असतो, त्यात बसवायचा आणि फोनवरच्या ॲपशी जोडायचा. आपल्याकडं बीएस-४ गाड्यांना २०१३ पासून हा सॉकेट आणि ठरलेले कोड सक्तीचे झाले, त्यामुळं त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांवर स्वस्तातला स्कॅनरही चालतो.

कोड एकच : पी०११३. इंजिनात जाणाऱ्या हवेच्या तापमानाच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त.

कोड लगेच पुसू नका. कोडबरोबर त्या क्षणाची नोंदही साठलेली असते : वेग किती, इंजिन किती तापलेलं, आरपीएम किती. पुसला की तीही जाते. मी आधी दोन्हींचे फोटो काढले.

मग लाईव्ह डेटा उघडला. हवेचं तापमान उणे ४० अंश. डिसेंबरात बेळगावात पहाटे स्वेटर लागतो हे खरं, पण इतकी थंडी अजून पडलेली नाही. ही उणे ४० ची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. हा सेन्सर म्हणजे थंडीत रोध वाढणारी आणि उन्हात कमी होणारी एक बारीकशी मणी. सर्किट कुठंतरी तुटलं की कॉम्प्युटरला रोध अनंत दिसतो आणि तो पडद्यावर मोजपट्टीचं थंड टोक दाखवतो. म्हणजे कुठंतरी जोड तुटलाय. सेन्सर आतून तुटला तरी हेच दिसतं, पण तो नुसता भरकटला असता तर आकडा चुकीचा पण शक्यतेतला आला असता.

त्याच पडद्यावर हवेचा दाब ९३ किलोपास्कल दिसत होता. व्हिडिओतली माणसं १०१ सांगतात, म्हणून आपल्याकडचे काहीजण हा सेन्सरही बदलून मोकळे होतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, इथं ९२-९३ हाच बरोबर आकडा. हीच गाडी चोर्ला घाटातून पणजीला नेली की १०१ दाखवेल.

१३ डिसेंबर

ओळखीच्या एका मेस्त्रींना कोड सांगितला. गाडी न बघताच उत्तर आलं : "सेन्सर गेला. एअर फ्लो मीटरसकट येतो, ५,२०० पडतील."

माझ्या गाडीत हवेचं माप घेणारा आणि हवेचं तापमान घेणारा सेन्सर एकाच नगात आहे, त्याला पाच वायरींचा एकच प्लग. प्लगच निघालेला असता तर दोन कोड आले असते, पी०११३ आणि हवेच्या मापाचा पी०१०२. दुसरा आलेला नाही आणि हवेचं माप लाईव्ह डेटात व्यवस्थित दिसतंय. म्हणजे प्लग बसलाय आणि पाचातल्या तापमानाच्या दोन वायरींपैकी एकीची गडबड आहे. इतकं कागदावर मांडल्यावर ५,२०० रुपये खर्च करायला हात धजेना.

मल्टिमीटर घेतला. पहिली मोजणी सेन्सरची : प्लग काढून तापमानाच्या दोन पिनांमध्ये २.१ किलोओहम. घरातल्या हवेला दोन-अडीच किलोओहम बरोबर असतो. तोंडाची गरम वाफ दिली तर आकडा भराभर उतरला. सेन्सर जिवंत.

दुसरी मोजणी वायरींची : चावी ऑन, इंजिन बंद, प्लगच्या मागच्या बाजूनं वायरीशेजारून टाचणी सरकवून मोजलं. सिग्नलच्या वायरीवर ५ व्होल्ट. दुसरी वायर अर्थला पोचतेय. वायरी ठीक.

सेन्सर ठीक, वायरी ठीक, प्लग बसलेला, आणि पडद्यावर उणे ४०. संध्याकाळ अशीच गेली. घरच्यांनी जेवायला बोलावलं ते दोनदा ऐकू आलं नाही.

१५ डिसेंबर

खानापूर रोडवर एक जुने वायरमन आहेत, बस-ट्रकच्या वायरिंगची कामं करणारे. घरी कानडी बोलतात, गिऱ्हाईक बघून मराठी. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. स्कॅनरचे फोटो दाखवायला गेलो, त्यांनी ते बघितलेच नाहीत. प्लग काढला, तोंड स्वतःकडं वळवलं आणि आत टॉर्च मारली.

"नोड्री, ओंद पिन हिंद होगैती." म्हणजे, बघा, एक पिन मागं गेलीय.

पाचातली चार टोकं एका रेषेत आणि एक दोन मिलिमीटर मागं सरकलेलं. प्लग जागेवर बसला की चार पिना भेटायच्या, पाचवी पाठ फिरवून मागं जायची. मी मागच्या बाजूनं टाचणी घालत होतो, तिथं वायर आणि तिचं टर्मिनल एकमेकांना घट्ट आहेतच. तुटलेला जोड पुढच्या तोंडाशी होता. जो जोड तपासायचा त्याच्या पलीकडून मोजलं पाहिजे, अलीकडून नाही.

असं का झालं असेल हेही अण्णांनी दाखवलं. प्लगमध्ये पिना धरून ठेवणारी एक पांढरी पट्टी असते, ती एका टोकाला मोडलेली होती. कुणीतरी प्लग वाकडा धरून जोर लावलाय. वर पुट्टीच्या धुळीचा थर होता, त्यामुळं सरकवताना घट्टच लागला असणार.

दुरुस्ती : पांढरी पट्टी काढली. सुईनं टर्मिनलची बारीक जीभ थोडी वर उचलली. मागून वायर ढकलली, टक असा आवाज येईपर्यंत. मग वायर हलकेच मागं ओढून बघितली, हलली नाही. मोडक्या पट्टीच्या जागी जुन्या गाडीच्या भंगार प्लगमधली पट्टी बसवली. तोंडावर कॉन्टॅक्ट क्लीनर मारला.

पडद्यावर ३१ अंश. कोड पुसला.

अण्णांनी १५० रुपये घेतले. "सेन्सर बदलायचं सोडा हो, पहिला प्लगचं तोंड बघायचं. पैसं कुठं पळून जायलंय?"

१७ डिसेंबर

दिवा परत. या वेळी पी०१७१ : मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त.

पहिली शंका अण्णांच्या कामाची आली, ती लगेच गेली. हवेचं तापमान अजून बरोबर होतं. हा कोड बहुतेक गाड्यांत एका फेरीत दिवा पेटवत नाही. कॉम्प्युटर एकदा बघतो, मनात ठेवतो आणि पुढच्या फेरीतही तेच दिसलं तर दिवा लावतो. म्हणजे हे दुखणं पहिल्या दिवसापासून होतं, फक्त पी०११३ च्या आड दडलं होतं. स्कॅनरमध्ये "पेंडिंग" नावाचा वेगळा भाग असतो, तो रोज बघावा.

पेट्रोलपंपावर एकानं निदान केलं, "इथेनॉलचं पेट्रोल, दुसरं काय." बोलण्यात थोडं तथ्य आहे. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून इ२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर, जुन्या गाडीच्या कॉम्प्युटरला पेट्रोल थोडं वाढवून द्यावं लागतं आणि ते फ्युएल ट्रिमच्या (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो त्याच्या) आकड्यात दिसतं. उसाच्या ट्रॉलीनं गाडी ठोकायची आणि त्याच उसाच्या स्पिरिटनं दिवा पेटवायचा, हे फारच झालं असतं. म्हणून आकडे काढले.

इंजिन गरम, आयडलला (गाडी उभी, ॲक्सिलरेटर सोडलेला) लाँग टर्म ट्रिम अधिक २१ टक्के. ॲक्सिलरेटर दाबून २,५०० आरपीएमला धरलं, अधिक ६.

दोष पेट्रोलचा असता तर दोन्हीकडं जवळपास सारखाच आकडा आला असता, कारण पेट्रोल दोन्हीकडं तेच आहे. आयडलला जास्त आणि वेगात कमी म्हणजे कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. गळकं भोक तेवढंच असतं. आयडलला इंजिन मुळातच थोडी हवा घेतं म्हणून चोरवाटेची हवा मोठी ठरते, वेगात ती गर्दीत हरवते.

संशयित जागा उघडच होती : एअर फ्लो मीटर ते थ्रॉटलपर्यंतचा (थ्रॉटल म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप) वळ्यावळ्यांचा रबरी पाईप. डबा काढताना तो निघालेला असणारच. वरून बघितलं तर क्लँप घट्ट, पाईप जागेवर. देवघरातली उदबत्ती आणली. आधी पेट्रोलचा वास कुठं येत नाही ना याची खात्री केली, पंख्यापासून हात लांब ठेवला आणि इंजिन चालू असताना पाईपच्या कडेनं उदबत्ती फिरवली. वरून, डावीकडून, उजवीकडून धूर सरळ वर जात होता. थ्रॉटलच्या खालच्या बाजूला नेली तर धूर वाकून पाईपच्या कडेत शिरायला लागला.

कार्ब क्लीनरचा फवारा मारून गळती शोधायची पद्धत पुष्कळजण सांगतात. गरम इंजिनावर पेटणारा फवारा मारणं मला पटत नाही, आणि उदबत्तीबरोबर तर चुकूनही नको.

पाईप काढला. खालच्या बाजूची रबराची कड आत दुमडून बसली होती आणि क्लँप त्या दुमडीवर आवळलेला. पाईपच्या आत थ्रॉटलच्या दिशेनं पांढऱ्या धुळीची एक बारीक रेघ गेली होती : पुट्टी घासतानाची धूळ, फिल्टरला वळसा घालून थेट इंजिनात. दिव्यापेक्षा याचा मला जास्त राग आला. ओल्या फडक्यानं पाईप आणि थ्रॉटलचं तोंड पुसून घेतलं. एअर फ्लो मीटरच्या बारीक तारेला फडकं लावायचं नाही, त्याचा वेगळा स्प्रे मिळतो. तो ३८० रुपयांना आणला, लांबून मारला आणि पूर्ण वाळू दिला. नवा क्लँप ४० रुपये.

पाईप परत बसवताना खालची कड बोटानं चाचपून मगच क्लँप आवळला. थोडी गाडी फिरवल्यावर ट्रिम आयडलला अधिक ५, वेगात अधिक ५. हा जो ५ उरलाय, तो आनंदानं इथेनॉलच्या नावावर लिहितो.

२१ डिसेंबर

निपाणीला लग्न होतं, येताना रात्र झाली. तवंदी घाटात काही नाही. वंटमुरी घाटात पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग, मागं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मी. हेडलाईट, काच पुसायला एसी आणि ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, सगळं एकदम चालू. पंखा लागला की हेडलाईट दबायचे, बंद झाला की उजळायचे. आणि इंजिनचा दिवा परत.

काकतीला गाडी थांबवून स्कॅनर लावला. पी०५६२ : व्होल्टेज कमी. ॲपवर ११.२ व्होल्ट.

बायको म्हणाली, "बॅटरी गेली असंल." तिची शंका रास्तच होती, बॅटरी चौथ्या वर्षात आहे. घरी पोचल्यावर इंजिन चालू ठेवून थेट बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर धरला : १३.९. त्याच क्षणी स्कॅनर १२ च्या आसपास दाखवत होता. स्कॅनरला अर्थ मिळतो तो गाडीच्या पत्र्यातून. म्हणजे बॅटरी ठीक, ती चार्ज करणारा आल्टरनेटर ठीक, मधले दोन व्होल्ट पत्र्याच्या वाटेत कुठंतरी गळतायत.

२२ डिसेंबर

उजेडात तपासणी. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं डाव्या एप्रनवरच्या उघड्या बोल्टवर. सगळे लाईट, ब्लोअर, पंखा चालू. इथं ०.१ व्होल्टच्या वर काही दिसायला नको. १.८ दिसले. घाटातल्या हादऱ्यांत याहून जास्त जात असणार.

ही मोजणी लोड चालू ठेवूनच करायची. सगळं बंद ठेवून ओहममध्ये मोजलं तर तोच जोड उत्तम दिसतो. वायरीची एक तारही शिल्लक असली तरी मीटर खूश होतो.

बॅटरीकडून येणारी काळी केबल एप्रनवर जिथं बसते तो बोल्ट नव्या रंगात बुडालेला होता. रंगाआधी केबल सोडली, पत्रा प्रायमर-रंग-लॅकरसकट रंगवला आणि केबल रंगावरच आवळली. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा करंट जाईल तेवढाच जात होता. उरलेला मिळेल त्या वाटेनं परततो.

केबलचं टोकही अपघातात पिळलं होतं, म्हणून उद्यमबागेतून नवी केबल करून घेतली, दोन्ही टोकांना तांब्याच्या रिंगा दाबून, २२० रुपये. पत्र्यावर रिंगेएवढ्या जागेतला रंग काचपेपरनं चकाकेपर्यंत घासला, रिंग बसवून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस फासलं. ग्रीस वरून, मध्ये नाही. उघडा पडलेला पत्रा पावसाळ्यात गंजायला नको, एवढ्यासाठीच. बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह काढायचं, जोडताना शेवटी निगेटिव्ह.

परत मोजलं : ०.०४. हेडलाईट दबत नाहीत.

त्याच कोपऱ्यात पिवळ्या रंगाचा प्लग दिसेल. तो एअरबॅगच्या धक्का ओळखणाऱ्या सेन्सरचा असतो. त्याला मीटर, टेस्ट लॅम्प काहीही लावायचं नाही. एअरबॅगचा दिवा पेटलेला असेल तर ते घरचं काम नाही.

२४ डिसेंबर

सगळे फोटो घेऊन गॅरेजला गेलो. मालक नव्हते, डेंटर होता. त्यानं अर्थचा फोटो बघितला आणि म्हणाला, "पेंटर वेगळा असतोय साहेब." ते खरंही आहे. ओढणारा एक, रंगवणारा दुसरा, परत जोडणारा तिसरा पोरगा. प्लग कुणी सोडला ते जोडणाऱ्याला माहीत नसतं. मालकांनी नंतर फोनवर ऐकून घेतलं, पैशांचा विषय काढल्यावर "पुढच्या कामात बघू" म्हणाले. विम्याच्या माणसाला विचारलं : गाडी कामाला देण्याआधीचा कोड नसल्याचा फोटो असता तर हा खर्च त्याच क्लेममध्ये पूरक अंदाजपत्रक देऊन मागता आला असता. असा फोटो माझ्याकडं नाही, स्कॅनरच नंतर घेतला. तुमची गाडी आत जाणार असेल तर आदल्या दिवशी स्कॅन करून किलोमीटरच्या आकड्यासह फोटो काढा आणि वेल्डिंग होणार असेल तर बॅटरी सोडायला सांगून ते जॉब कार्डवर लिहून घ्या.

३० डिसेंबर

दिवा नाही, पेंडिंगमध्येही काही नाही. कोड पुसल्यावर कॉम्प्युटर स्वतःच्या तपासण्या पहिल्यापासून सुरू करतो, ॲपमध्ये त्या "अपूर्ण" दिसतात. पूर्ण व्हायला थंड स्टार्ट, शहरातलं थांबत-थांबत चालवणं आणि हायवेवरचा एकसारखा वेग असं सगळं लागतं. माझ्या हत्तरगीच्या फेरीनंतर त्या पूर्ण झाल्या. जुनी गाडी विकत घेताना याच जागी बघावं : दिवा नाही पण सगळ्या तपासण्या अपूर्ण, म्हणजे बहुधा कुणीतरी सकाळीच कोड पुसलाय.

पीयूसी काढली, पास.

खर्च : स्कॅनर ८५०, अण्णा १५०, स्प्रे ३८०, क्लँप ४०, केबल २२०, कॉन्टॅक्ट क्लीनर २६०. एकूण १,९००. मल्टिमीटर घरात होताच.

राहिलेलं काम : डाव्या हेडलाईटचा रोख वर चढलाय, समोरचे डिपर मारतात. त्याचा ॲडजस्टिंग स्क्रू नव्या ब्रॅकेटच्या मागं दबलाय, बंपर खाली घेतल्याशिवाय हात जात नाही. ते संक्रांतीनंतर.